मोठ्या आलिशान सेडान: साधं, भारदस्त रूपच शेवटी टिकतं का?

सिव्हिललाइन्सकर

२०२० सालची मर्सिडीज एस-क्लास (डब्ल्यू २२३ ही पिढी) आणि २०२२ सालची बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज (जी ७०) शेजारी उभ्या करून बघा. किमतीची पातळी एकच, काम एकच, मागच्या सीटवर बसणारा माणूसही साधारण एकाच तऱ्हेचा. पण एकीचा चेहरा आडवी ग्रिल, दोन दिवे आणि बोनटवरचा उभा तारा एवढ्यात आटोपतो. दुसरीचे दिवे वर-खाली अशा दोन मजल्यांत वाटलेले, आणि ग्रिल इतकी उभी की नजर आधी तिथेच थबकते.

माझं मत आधीच सांगून टाकतो: सव्वापाच मीटरच्या गाडीनं वेगळं ओरडून काही सांगायची गरज नसते. तिची लांबी, तिचं चाक, तिची उभं राहण्याची ढब हेच तिचं बोलणं. अंगावर घड्या, कोपऱ्यांत खोट्या हवेच्या जाळ्या, बंपरवर चार तऱ्हेचे काळे तुकडे लावले की तेच बोलणं बिघडतं.

१९७५ ते १९९९ मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख असलेले ब्रूनो साको दोन नियम पाळायचे. एकाच काळातल्या लहान-मोठ्या सगळ्या गाड्यांत घराण्याचं साम्य दिसलं पाहिजे, आणि नवी पिढी आली म्हणून आधीची पिढी एका रात्रीत जुनाट दिसता कामा नये. दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. दीड-दोन कोटी घालणाऱ्याची गाडी तीन-चार वर्षांत शिळी दिसू लागली तर ती कंपनीनं केलेली त्याची फसवणूकच आहे.

नुसतं 'आवडली, नाही आवडली' नको. प्रमाण, पत्रा, रंग, आणि आपल्याकडच्या उन्हा-धुळीत काय टिकतं यावर लिहा.

तीनखोकी

प्रमाणापासून सुरू करतो, कारण साध्या रूपाचा सगळा भार त्यावरच असतो. दागिने कमी असले की सांगाडा उघडा दिसतो.

१९७९ सालच्या डब्ल्यू १२६ एस-क्लासची उंची साधारण १४३० मिमी. त्या काळचा टायर २०५/७० आर१४ (रुंदी मिमीत, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), म्हणजे चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६४३ मिमी. चाक उंचीच्या ४५ टक्के. आता डब्ल्यू २२३ घ्या: उंची १५०३, टायर २५५/४५ आर१९, व्यास ७१२. सत्तेचाळीस टक्के. जी ७०: उंची १५४४, टायर २५५/४५ आर२०, व्यास ७३७ च्या आसपास. जवळपास अठ्ठेचाळीस. म्हणजे फॅशनपायी चाकं मोठी झाली हे अर्धंच खरं आहे. अंग वाढलं म्हणून चाकाला वाढावं लागलं.

खरा बदल रबरात झाला. डब्ल्यू १२६ च्या चाकाच्या व्यासात रबराचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास होता, डब्ल्यू २२३ च्या एकोणीस इंची चाकात तो ३२ टक्के आहे, वीस इंचीत २९ च्याही खाली. जुन्या गाड्या शांत दिसतात त्याचं हे एक मोठं कारण. डोळ्याला चाकात रबर जास्त आणि धातू कमी दिसला की गाडी निवांत वाटते.

आता उंची का वाढली? बाजूच्या धडकेत टिकण्यासाठी दरवाजे उंच आणि जाड झाले. युरोपात २००५ पासून पादचारी सुरक्षेचे नियम लागू झाले, त्यामुळे बोनटचा पत्रा आणि इंजिन यांच्यात डोकं आपटलं तर दबायला मोकळी जागा ठेवावी लागते. जी ७० मध्ये तिसरं कारण आहे. तीच बॉडी पेट्रोल, डिझेल आणि पूर्ण इलेक्ट्रिक आय ७ या सगळ्यांना चालवायची म्हणून गाडीच्या फरशीत बॅटरीची जागा धरलेली आहे. फरशी वर गेली, सीट वर गेली, छप्पर वर गेलं.

उंच झालेली बाजू शांत ठेवणं हे कठीण काम आहे. डब्ल्यू १२६ मध्ये दरवाजांच्या खालच्या भागाला वेगळ्या छटेची आडवी प्लॅस्टिकची पट्टी होती, तिनं पत्र्याची उंची डोळ्यासाठी दोन भागांत तोडली. डब्ल्यू २२३ मध्ये तेच काम एक खांदारेषा आणि खालची क्रोमची बारीक ओळ करते. जी ७० नं बाजू जवळपास सपाट भिंतीसारखी सोडली आणि सगळं लक्ष चेहऱ्याकडे वळवलं. मला तिथे गाडी फसली असं वाटतं.

वाडीनाका

भाऊ, आकडे बरोबर आहेत नं, पण 'साधं तेच चांगलं' हे काही पटत नाही. २००१ ची ई ६५ सेव्हन सिरीज आठवा. ख्रिस बँगल डिझाइन प्रमुख, बाहेरचं रूप अ‍ॅड्रियन व्हान हूयडोंक यांचं. डिकीचं झाकण वेगळं वर ठेवल्यासारखं, दिव्यांवर भुवया. लोकांनी बँगलला काढा म्हणून इंटरनेटवर अर्ज फिरवले. आणि झालं काय? तोवरच्या सगळ्या सेव्हन सिरीजमध्ये तीच पिढी सगळ्यात जास्त विकली गेली. चार वर्षांनी आलेल्या डब्ल्यू २२१ एस-क्लासची उचललेली डिकी आणि फुगवलेल्या चाकांच्या कमानी बघा. ती काय आकाशातून पडली? ज्याला आज आपण संयत म्हणतो त्यातलं बरंच काही कालच्या धाडसातून आलेलं असतं.

उलट बाजू पाहा. २००३ ची जॅग्वार एक्सजे, एक्स ३५०. संपूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी, रिव्हेट आणि गोंदानं जोडलेली, तंत्रात सगळ्यांच्या पुढे. पण रूप १९६८ च्या एक्सजेचंच. आतमध्ये एवढी नवी गाडी आहे हे रस्त्यावर कोणाला कळलंच नाही. शेवटी २००९ मध्ये इयन कॅलम यांना सगळं पुसून नवीन काढावं लागलं. फोक्सवॅगन फेटनचं तेच. माणसं म्हणाली ही मोठी पसाट आहे, आणि विषय संपला. साधेपणाच्या नावाखाली घाबरटपणा खपवू नका, एवढंच म्हणणं आहे.

तीनखोकी

वाडीनाका, एक्स ३५० बद्दल तुमचा निष्कर्ष बरोबर आहे, कारण थोडं वेगळं आहे. १९६८ च्या एक्सजेचं सगळं सौंदर्य ती जमिनीलगत होती यात आहे. एक्स ३५० मध्ये बसायला जागा हवी म्हणून उंची १४४८ मिमीवर नेली आणि रेषा मात्र त्याच ठेवल्या. बुटक्या गाडीच्या रेषा उंच गाडीवर ताणल्या की ती फुगलेली दिसते. जुन्याची नक्कल आणि संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साकोंनी डब्ल्यू १२६ वर आधीच्या डब्ल्यू ११६ चे क्रोमचे बंपर तसेच ठेवले नाहीत, बॉडीशी एकजीव झालेले प्लॅस्टिकचे बंपर आणले आणि हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.३६ पर्यंत उतरवला. त्या काळासाठी हा मोठा बदल होता, पण तो आरडाओरडा न करता केला.

ई ६५ बाबत: तिच्या आधीच्या ई ३८ ची उंची १४३५, ई ६५ ची १४९२. लांबीत फरक फक्त साडेचार सेंटिमीटरचा. जवळपास तेवढ्याच लांबीवर ५७ मिमी उंची चढली. ती डिकी उंच दिसते त्यामागे हे आहे. आणि विक्रीत आयड्राइव्ह (एका गोल बटणानं चालणारा पडदा), सहा गिअरचा ऑटोमॅटिक, मागची ऐसपैस जागा यांचा वाटा नव्हता असं कसं म्हणता येईल? २००५ च्या फेसलिफ्टमध्ये (त्याच पिढीचं रूप मधेच सुधारतात तेव्हा) कंपनीनं स्वतःच दिवे आणि डिकी शांत केली.

पत्रा_आणि_रंग

रूपाची चर्चा चांगली चालली आहे. मी डेंटिंग-पेंटिंगच्या अंगानं लिहितो, कारण नागपुरात साधं रूप सांभाळणं हे भडक रूप सांभाळण्यापेक्षा अवघड आहे. हे कोणी आधी सांगत नाही.

लांब, सपाट, घडी नसलेला दरवाजा आणि त्यावर काळा रंग: यात काहीही लपत नाही. घड्याघड्यांच्या दरवाजावर हलकी लाट खपून जाते. एस-क्लासच्या दरवाजावर पुट्टी घासताना हात जरा तिरका पडला तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे वाकडं होतं आणि जन्मभर तसंच दिसतं. त्यामुळे अशा गाडीचं काम घेताना पॅनेल लांब ठोकळ्यानंच घासायचं, नुसत्या हातानं नाही, आणि रंग मारण्याआधी गाइड कोट टाकून तपासायचं. काळ्या पावडरीचा हात फिरवून पुन्हा ठोकळा चालवला की जिथे काळं उरतं तिथे खड्डा आहे.

दुसरी गोष्ट धातूची. डब्ल्यू २२३ च्या आधीच्या डब्ल्यू २२२ पासून एस-क्लासचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियमला पोलादासारखी मूळ आकारात परतायची ओढ नसते. रंग न बिघडवता आतून दाबून डेंट काढायचा तर पत्रा हलका गरम करावा लागतो, दाब हळूहळू द्यावा लागतो, आणि धारदार घडीवर बसलेला डेंट बहुतेक वेळा निघतच नाही. म्हणजे घड्या जितक्या कमी तितकी दुरुस्ती सोपी, हा साध्या रूपाचा खरा फायदा. वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमसाठी हातोड्या, घासायच्या चकत्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत का ते विचारा. पोलादाचा भुसा ॲल्युमिनियमवर रुतला की ओल लागताच तिथे गंज धरतो आणि काही महिन्यांनी रंगाखाली फोड येतात.

जुनी गाडी घेताना लोक लोहचुंबक लावून पुट्टी शोधतात. या गाड्यांवर ते चालत नाही, चुंबक कुठेच चिकटत नाही. लोखंड आणि बिगरलोखंड दोन्ही मोजणारं जाडीमापक लागतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतो. दोनशेच्या वर गेला की पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे, पाचशेच्या वर म्हणजे खाली पुट्टी आहे. एकाच पॅनेलवर पाच-सहा जागी मोजा, आणि छप्पर नक्की मोजा. छप्पर सहसा कोणी रंगवत नाही, त्यामुळे तो तुमचा मूळ आकडा.

आता काळा रंग. वरच्या क्लिअर कोटची जाडी ४० मायक्रॉनच्या आसपास. प्रत्येक जोरकस रबिंगमध्ये दोन ते पाच मायक्रॉन जातात. दर दिवाळीला 'चकाचक करून द्या' म्हणणाऱ्याची गाडी काही वर्षांत उन्हापुढे उघडी पडते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि त्यावर, बोनटचा पत्रा त्याहून कितीतरी तापलेला. क्लिअर पातळ झाला की छपरावर आणि डिकीवर आधी पांढुरके चट्टे दिसतात.

ओरखडे येतात ते मात्र धुण्या-पुसण्यातून. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर राखेचा बारीक थर बसतो. ती राख काचेसारख्या कणांची असते. सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसायची सवय काळ्या रंगाला मारते. आधी नुसत्या पाण्याच्या दाबानं राख उतरवा, मग दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत फक्त मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खंगाळायला पाणी. छपरापासून खाली या, दरवाजाचा खालचा एक फूट सगळ्यात शेवटी. बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात वाळू देऊ नका, चुन्याचे गोल डाग पडतात आणि तापलेल्या काळ्या रंगात ते कोरले जातात. शेवटचं पाणी गाळलेलं आणि सौम्य वापरा, सावलीत पुसा.

मृण्मयी_धंतोली

खिडक्यांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या पांढुरक्या, दुधाळ पडतात त्याचं काय? संयत रूपाच्या गाडीत त्या एका रेषेवरच तर सगळी शोभा असते. पॉलिश करून फरक पडत नाही असं बरेच जण म्हणतात. मग गाड्यांचे मालक कंटाळून त्यावर काळी फिल्म चढवतात.

पत्रा_आणि_रंग

मृण्मयीताई, ते क्रोम नाहीच. जर्मन गाड्यांच्या खिडक्यांभोवतीची पट्टी बहुतेक वेळा ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची असते. वरचा ऑक्साइडचा थर तिचं कवच. तो थर साधारण ४ ते ९ पीएचच्या बाहेर टिकत नाही. धुलाई केंद्रावर आधी मारतात तो पांढरा फेस ट्रकचं ग्रीस काढायला बनवलेला असतो, भरपूर अल्कधर्मी. तापलेल्या पट्टीवर तो पाच मिनिटं राहिला की थर खाल्ला जातो आणि दुधाळ डाग उमटतो. अलॉय साफ करायचं आम्ल उडालं तरी तेच होतं.

डाग नवीन आणि वरवरचा असेल तर मऊ मायक्रोफायबर आणि अगदी बारीक मेटल पॉलिशनं हातानं, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं घासून बराच उतरतो. मशीन लावू नका. कवच पूर्ण घासलं गेलं की खालचं उघडं ॲल्युमिनियम दोन-तीन आठवडे लखलखतं आणि नंतर कायमचं मंद पडतं. 'फरक पडत नाही' म्हणतात ते याचमुळे. खोल गेलेल्या डागाला पट्टी बदलणं हाच उपाय. पुढे जपायचं तर पीएच ७ चा शॅम्पू आणि धुलाईवाल्याला फेसाला सक्त मनाई.

ग्रिलवरचा चकचकाट वेगळा. तो प्लॅस्टिकवर चढवलेला मुलामा. त्याला फोड आला की पॉलिशनं काही होत नाही.

काळी फिल्म चढवायचीच असेल तर ती कडेवरून आत दुमडून घेता येते का ते आधी बघा. नुसती कापून लावलेली कड आपल्या एका उन्हाळ्यात उचलते आणि तिथे धुळीची करडी रेघ बसते. काढताना हीट गननं हाताला सोसेल एवढीच ऊब द्या, फिल्म पट्टीला जवळजवळ समांतर ठेवून हळू ओढा, उरलेला गोंद आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. ब्लेड लावलं तर पट्टी गेली. माझं स्वतःचं मत, एस-क्लास किंवा ऑडी ए ८ ची ही चंदेरी रेषा काळी करू नये. छप्पर आणि खिडक्या एकत्र मिसळतात आणि गाडी जड दिसते.

वाडीनाका

रेषेबद्दल सहमत. ए ८ च्या बाबतीत तर ती काढली की उरतंच काय?

खामलेकर

फेटनबद्दल वर जरा घाईनं लिहिलं गेलं. फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांची त्या गाडीसाठीची प्रसिद्ध अट अशी की बाहेर ५० अंश तापमान असताना ताशी ३०० किलोमीटरनं दिवसभर चालवली तरी आत २२ अंश राहिले पाहिजेत. आत एसीची तोंडं लाकडी फळ्यांमागे लपलेली, गरज पडली की फळ्या सरकून उघडायच्या. वारा थेट अंगावर न येता सगळीकडून पाझरायचा. डिकीच्या बिजागऱ्या पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या, अशा की कुलूप उघडून लोकांना दाखवाव्यात. २००२ ते २०१६ गाडी बनली. रूप शांत होतं म्हणून ती पडली असं मला वाटत नाही. बिल्ला ज्या किमतीशी जोडलेला नव्हता ती किंमत लावली, आणि खाली तेच रूप असलेली स्वस्त पसाट उभी होती. साकोंचा पहिला नियम, घराण्याचं साम्य, इथे उलटा लागला. वरच्या गाडीचं रूप खाली उतरलं तर खालच्या गाडीचा मान वाढतो. खालच्या गाडीचं रूप वर चढलं की वरच्या गाडीची किंमत जाते.

संयमाचं टोक पाहायचं असेल तर टोयोटा सेंच्युरी. १९६७ पासून आजवर सेडानच्या फक्त तीन पिढ्या: १९६७, १९९७, २०१८. चौकोनी, सरळ, उभं छप्पर, मागचा खांब रुंद म्हणजे आत बसलेला माणूस बाहेरून दिसत नाही. काळ्या रंगाचे सात थर, मधे पाणी घालून घासणं. आत लोकरीचं कापड, चामडं मागून घ्यायचं, कारण चामडं करकरतं आणि उन्हाळ्यात-हिवाळ्यात अंगाला लागतं. आपल्या हवेला तो लोकरीचा विचार इतका योग्य आहे की इथे कोणी तो देत नाही याचं वाईट वाटतं.

लेक्सस एलएस ४०० चंही नाव घ्यायला हवं. १९८९ मध्ये आली, तेव्हा समीक्षकांनी रूपात मर्सिडीजची छाया पाहिली. पण हवेचा अवरोध ०.२९ पर्यंत आणला आणि पॅनेलमधल्या फटी इतक्या सारख्या की जाहिरातीत त्या फटींवरून पोलादी गोळी घरंगळत नेली. साध्या रूपात फट हाच दागिना असतो.

मिहान_व्होल्ट

इलेक्ट्रिकच्या बाजूनं एक मुद्दा. मर्सिडीजनं ईक्यूएसमध्ये तीन खोक्यांचा (बोनट, केबिन, डिकी) आकार पूर्ण सोडला, पुढून मागे एकच कमान काढली. हवेचा अवरोध ०.२०, रेंजसाठी उत्तम. चाकणला जुळणीही झाली. पण मागे बसणाऱ्याचं काय? फरशीखाली बॅटरी असल्यानं पाय टेकायची जागा वर आणि गुडघे उंच, त्यात कमानीचं छप्पर मागे उतरतं. ज्यांना एस-क्लासचा मागचा कोपरा हवा होता त्यांना ती जागा मिळाली नाही. २०२४ मध्ये कंपनीनं त्याच गाडीला आडव्या क्रोम पट्ट्यांचा चेहरा आणि बोनटवर उभा तारा दिला. वारा कापायच्या आकारावर जुनी ओळख परत लावावी लागली, यात ग्राहकाचं उत्तर स्पष्ट दिसतं.

आय ७ नं तीन खोकी ठेवली, म्हणून मागची बैठक जास्त चांगली. चेहऱ्यावर टीका करा, पण मागचा दरवाजा आणि छपराची उंची याबाबत जी ७० कडे बोट दाखवू नका.

सिव्हिललाइन्सकर

हे मान्य. जी ७० च्या उंच छपराचा फायदा फेटा किंवा पगडी घातलेल्या माणसाला कळतो.

पण बाहेरून शांत गाडी आतून तशी आहे का? डब्ल्यू २२३ मध्ये १२.८ इंचाचा उभा पडदा, ६४ रंगांची रोषणाई. जी ७० मध्ये छतातून उतरणारा ३१.३ इंचाचा पडदा. बाहेर संयम आणि आत लग्नाचा मांडव. यावर काय म्हणता?

मृण्मयी_धंतोली

रोषणाई एका रंगावर, कमी तेजावर ठेवता येते, ते सोपं आहे. निवडताना चुकतं ते साहित्य. चकचकीत काळं प्लॅस्टिक टाळा, आपल्या धुळीत पहिल्या महिन्यातच त्यावर बारीक ओरखडे दिसतात. उघड्या रंध्रांचं मॅट लाकूड घ्या, फक्त ते ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढायची. डॅशबोर्डचा वरचा भाग गडदच हवा. फिका घेतला तर एप्रिल-मेच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि चालवणाऱ्याचे डोळे थकतात. सीट फिक्या चालतील, उलट बऱ्या, कमी तापतात.

हवेशीर सीटच्या बारीक भोकांत कंडिशनर साचतो आणि पंख्याचा वारा मरतो. आधी व्हॅक्यूम, मग कंडिशनर फडक्यावर घेऊन पातळ हात. सीटवर थेट ओतायचा नाही.

नंदनवन_टायर्स

चाकांबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही, आणि गाडीचं रूप बिघडवायची सुरुवात तिथूनच होते. मोठी रिम घातली की गाडी 'भरलेली' दिसते म्हणून लोक २१ इंचावर जातात. नागपूरचे सिमेंटचे रस्ते आठवा, कडेला रस्ता आणि खांदा यांत कित्येक ठिकाणी सरळ पायरी आहे. २५५/४५ आर१९ मध्ये टायरची भिंत ११५ मिमी, २५५/४० आर२० मध्ये १०२, आणि मागच्या रुंद २८५/३५ आर२० मध्ये १०० च्या आत. त्या पायरीवर टायर चिमटला की आतले धागे तुटतात आणि भिंतीला फुगा येतो. असा टायर समृद्धीवर १२० च्या वेगानं तासन्‌तास चालवणं म्हणजे धोका पत्करणं.

एस-क्लासमध्ये आणखी एक कारण आहे. मागची चाकं वळवणारी प्रणाली १० अंशांची असेल तर तिला २५५/४० आर२० पर्यंतचेच टायर चालतात. त्याहून रुंद मागचे टायर घेतले की ४.५ अंशांवर समाधान मानावं लागतं. १० अंशांत ५.३ मीटरची गाडी ११ मीटरच्या आतल्या वर्तुळात वळते. इतवारी, महालच्या गल्ल्यांत हा फरक फार मोठा आहे.

बाहेरून रिम घेताना एक गोष्ट नीट ऐका. मर्सिडीज आणि हल्लीच्या बीएमडब्ल्यू दोघींचं बोल्टवर्तुळ ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळात), मधलं भोकही जवळपास सारखं, म्हणून दुकानदार एकीची रिम दुसरीला सहज लावून देतो. पण मर्सिडीजच्या बोल्टची बैठक गोल असते, बीएमडब्ल्यूची शंकूसारखी. चुकीचा बोल्ट एका कडेवरच टेकतो, टॉर्क पाना 'टिक' करतो आणि काही शे किलोमीटरनंतर बोल्ट ढिला होतो. शिवाय रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि ब्रेक कॅलिपरची मोकळीक जुळायला हवी, आणि टायरचा भारांक (तो पेलू शकेल तेवढा भार) मूळच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. या गाड्या दोन टनांच्या वर आहेत.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी भरा. उन्हात तापलेल्या टायरची हवा कमी करू नका.

बेसा_रोड

सगळ्यांना एक प्रश्न. २०१८ नंतरची सेकंड हँड डब्ल्यू २२२ बघणं चालू आहे. एका गाडीला मागच्या मालकानं मायबाखसारखी (मर्सिडीजचीच सगळ्यात वरची श्रेणी) उभ्या पट्ट्यांची ग्रिल बाजारातून लावली आहे, पुढचा बंपरही पुन्हा रंगवलेला आहे. बाकी गाडी स्वच्छ. घ्यावी का? आणि मूळ रूपावर परत आणायला काय बघायचं?

पत्रा_आणि_रंग

बेसा रोड, गाडी सोडू नका, पण तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या गाडीत पुढच्या गाडीशी अंतर राखणारी प्रणाली असेल तर तिचा रडार ग्रिलच्या मागे बसतो, आणि त्याच्या समोरचं झाकण लहरींना आरपार जाऊ देणारं असतं. बाजारातल्या ग्रिलमध्ये तिथे धातूचा मुलामा किंवा चुकीच्या जाडीचं प्लॅस्टिक असतं. मग रडारला समोरचं नीट दिसत नाही: कधी 'उपलब्ध नाही' असा संदेश येतो, कधी संदेश न येता गाडी उशिरा ब्रेक लावते. दुसरं जास्त वाईट.

म्हणून आधी डायग्नोस्टिक मशीन लावून साठवलेले दोष वाचा. पुसून टाकलेले असतील तर वर्धा रोडवर वीस-पंचवीस किलोमीटर ती प्रणाली चालू ठेवून चालवा आणि पुन्हा वाचा.

बंपरवर जाडीमापक चालणार नाही, खाली प्लॅस्टिक आहे. बाजूनं येणाऱ्या गाड्या ओळखणारे रडार बंपरच्या कोपऱ्यांमागे असतात. तिथे पुट्टी किंवा धातूच्या कणांचे तीन-चार थर असले की तेही अर्धे आंधळे होतात. बंपर उतरवून आतल्या बाजूनं उजेड टाकून पाहा. चिरा, प्लॅस्टिक वेल्डिंगच्या रेघा, तुटलेले कान आतून लगेच दिसतात, बाहेरून कितीही रंगवलेलं असलं तरी.

मूळ ग्रिल घेताना गाडीच्या चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. कॅमेरा असलेली, नसलेली, रडारची, बिनरडारची अशा वेगवेगळ्या ग्रिल आहेत आणि फेसलिफ्टच्या आधीची बसत नाही. ग्रिल बदलल्यावर रडारचं कॅलिब्रेशन करून घ्या आणि त्याचा छापील कागद मागा. हा सगळा खर्च आधी काढून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. मालक तयार नसेल तर दुसरी गाडी बघा, मूळ रूपातल्या डब्ल्यू २२२ बाजारात अजून मिळतात.